अरुणीचा आवाज

निशिगंधा इंगवलेचा आवाज निम्म्या कोल्हापूरनं ऐकलेला आहे. तिला तोंडावरून ओळखणारी माणसं मात्र शिवाजी पेठेतल्या तिच्या गल्लीपलीकडं फारशी नाहीत. सकाळी कचऱ्याची गाडी येते तेव्हा "ओला कचरा वेगळा द्या, सुका कचरा वेगळा द्या" म्हणणारी बाई तीच. श्रावणात साड्यांच्या सेलची रिक्षा भोंगा लावून फिरते, त्या भोंग्यातली बाईही तीच. राजारामपुरीत पारस मगदूमचा लहानसा स्टुडिओ आहे. तिथं जाऊन ती हे सगळं बोलून यायची आणि येताना भाजी घेऊन यायची. नवरा अमरसिंह शिरोलीच्या एका फाउंड्रीत सुपरवायझर, घरात सासू बनाबाई आणि मुलगी तेजस्वी. एवढा तिचा संसार.

पारस तिला म्हणायचा, "वहिनी, तुमच्या आवाजाला गोडी न्हाई, पण वजन हाय. गोड आवाज ढिगानं मिळतात."

घरात निशिगंधा आपल्याकडच्या सगळ्या बायकांसारखी "मी आलो, मी जेवलो" असंच बोलते. माइकपुढं बसली की "मी आले, मी जेवले." हा बदल ती कुणाकडून शिकली नाही. चपला बाहेर काढून आत जावं तशी ती एक बोली बाहेर ठेवून आत जायची.

पुण्याच्या एका कंपनीला मराठी ऑडिओबुकांसाठी आवाज पाहिजे होते. पारसनं तिला न विचारताच तिच्या आवाजाचा नमुना पाठवला आणि तो पसंत पडला. काम होतं किशोरवयीन मुलांसाठी लिहिलेल्या जादूच्या कादंबरीचं. मालिकेचं नाव 'अकरा दारांचं राज्य'. निशिगंधानं असलं पुस्तक जन्मात वाचलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती जरा नाराजीनंच बसली. राक्षस, मंतरलेली दारं, बोलणाऱ्या नद्या, हे काय आपलं वय आहे का? पण तिसऱ्या प्रकरणापर्यंत ती त्यात अशी गुंतली की पारसनं जेवायची वेळ झाली म्हणून काच वाजवली, तर ती त्याच्यावरच खेकसली.

गोष्ट अशी होती. अरुणी नावाची नावाड्याची पोरगी, वय पंधरा. तिला नद्यांची भाषा येते. राज्यात असितराज नावाचा राजा आहे, नऊशे वर्षांचा. तो लोकांची आयुष्यं पिऊन तरुण राहतो. जिथं त्याची स्वारी जाते तिथली माणसं एका दिवसात म्हातारी होतात. पहिल्या भागाच्या शेवटी तो अरुणीचं गाव जाळतो. पुढच्या भागांत ती एकेक दार उघडत त्याच्यामागं लागते.

निशिगंधा सगळ्यांचे आवाज काढायची. असितराजासाठी तिनं आपल्या एका चुलत्याचा आवाज घेतला. गालात तंबाखू धरून, कुणालाच घाई नसल्यासारखा बोलणारा माणूस. अरुणीसाठी तिला लांब जावं लागलं नाही. तेजस्वी तेव्हा बारा वर्षांची होती. राग आला की ती "म्हणजे?" असं म्हणायची, त्यातला 'णजे' वर उचलून, मान तिरकी करून. निशिगंधानं तो "म्हणजे?" जसाच्या तसा अरुणीला दिला. तो धपापता श्वास, वाक्याच्या मध्येच हसू फुटणं, सगळं पोरीचंच.

चार भाग असे झाले. रविवारी दुपारी घरात फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा करायचा आणि सगळ्यांनी ऐकायचं. बनाबाई वर्षाच्या चटणीचा लसूण सोलत बसायच्या. तेजस्वी गुडघ्यावर हनुवटी टेकवून. अमरसिंह पेपर वाचत असल्याचं दाखवायचा, पण पान उलटायचा नाही. असितराज बोलायला लागला की बनाबाई पाकळी पातेल्यात आपटायच्या. "मुडदा बशिवला ह्याचा! अजून मरंना कसा?"

"आज्जी, त्यो पाचव्या भागात मरणार," तेजस्वी सांगायची. तिच्या वर्गातल्या सगळ्या पोरींचं तेच मत होतं.

पाचव्या भागाचं काम आलं तेव्हा तेजस्वी नववीत होती. कंपनीनं मजकूर तुकड्यातुकड्यानं पाठवला. पहिले तुकडे बरे होते. असितराज अरुणीला पकडतो आणि मनोऱ्यात कोंडतो. मग निशिगंधाच्या लक्षात आलं की काहीतरी बिघडतंय. राजा रोज एक दागिना पाठवतो. ती तो फेकून देते. मग फेकत नाही. मग वाट बघते. ज्यानं तिच्या आईबापाला जाळलं, तो आता "एकाकी" होता, "जखमी मनाचा" होता.

त्या दिवशी स्टुडिओत बसून तिनं नवीन तुकडा उघडला. राजा अरुणीची हनुवटी धरून म्हणतो, "तुझ्या भीतीवर माझा जीव जडलाय, अरुणी. तू थरथरतेस तेव्हाच तू माझी असतेस." आणि पुढं लेखकानं लिहिलं होतं की त्या क्षणी अरुणीला आयुष्यात पहिल्यांदा सुरक्षित वाटलं. ती म्हणते, "मला आता कुठलंच दार नको. मला तुम्ही हवेत." पुढच्या प्रकरणाचं नाव होतं 'विवाह'. वाक्याच्या बाजूला पुण्याहून सूचना लिहून आली होती : इथे आवाजात लाज आणि ओढ हवी.

निशिगंधानं राजाचं वाक्य वाचलं. मग अरुणीचं वाचायला तोंड उघडलं. कानावरच्या हेडफोनमधून तिला तिच्याच पोरीचा आवाज आला. "मला तुम्ही हवेत." तिच्या जिभेवर शिळं, आंबलेलं काहीतरी आल्यासारखं झालं. ती थांबली.

काचेपलीकडून पारसनं विचारलं, "काय झालं वहिनी?"

"पारस, ह्या पोरीचं वय काय?"

"पंधरा."

"आणि ह्याचं?"

"नऊशे. पण दिसतोय बावीसचा, असं लिवलंय की."

"दिसतोय म्हणून काय झालं? माणसं जाळताना पण बावीसचाच दिसत हुता की!"

"वहिनी, गोष्ट हाय ती."

"गोष्ट हाय म्हणूनच सांगतो," निशिगंधा म्हणाली. माइकपुढं बसून ती घरची बोली बोलत होती, हे पारसच्या लक्षात आलं. "पोरी ऐकतात ती. कानात घालून, डोळं मिटून ऐकतात."

तिनं अजून एकदा प्रयत्न केला. लाज आणि ओढ. तोंडातून शब्द निघाले, आणि ती अर्ध्यातच उठली. हेडफोन टेबलावर टाकून ती बाहेर बेसिनवर गेली, खूप वेळ चुळा भरत राहिली. पारसनं चहा मागवला, तो तिनं घेतला नाही. चहाचा वाससुद्धा नको झाला होता.

तिथूनच तिनं पुण्याला फोन लावला. सोनल शाह नावाच्या बाई या मालिकेचं काम बघायच्या. बोलायला नेहमी गोड.

"निशिगंधाताई, तुमची अस्वस्थता मी समजू शकते," सोनल म्हणाल्या. "पण हा गोष्टींचा एक प्रकारच आहे. वैऱ्यावरचं प्रेम. जगभर चालतो. मुलींना हेच आवडतं."

"मुलींना आवडतं का मुलींना दिलं जातंय?"

"आम्ही वाचकांचा कल बघूनच..."

"मॅडम, त्या पोरीला नदीची भाषा येते. चार भाग ती नद्यांना हाका मारते. ह्या भागात मनोऱ्याच्या खाली नदी वाहतेय आणि ती एकदाबी हाक मारत न्हाई. लेखक विसरला का त्याला विसरायला सांगितलं?"

सोनल म्हणाल्या, "ताई, तुम्ही आवाज आहात. लेखन आमच्याकडं राहू द्या."

"ऱ्हाऊ द्या मग," निशिगंधा म्हणाली. "आवाजबी माझ्याकडंच ऱ्हाऊ द्या."

घरी आल्यावर तिनं सासूला सगळं सांगितलं. सासूला ती आत्ती म्हणते. बनाबाई ऐकत होत्या, हातातलं निवडणं चालूच होतं. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "मग ह्यात जादू कुठं हाय?"

"म्हणजे?"

"हे तर माझंच लगीन की गं." बनाबाईंचं माहेर कागलच्या पलीकडचं. "चौदा वर्साची हुतो मी. ह्यांचं वय दुपटीच्या वर. पयली बायकू गेलेली. चंद्रहार घातला माझ्या गळ्यात, आणि रानात जाताना भाईरनं कडी घालून जायचं. लोक म्हणायचं, बायकूवर किती जीव हाय बघा. मला त्यांच्या वहाणांचा करकर आवाज आला की पोटात कळ उठायची. एवढी वर्सं झाली, वहाण करकरली की अजून उठती."

अमरसिंह तिथंच बसला होता. ज्या माणसाबद्दल हे चाललं होतं तो त्याचा बाप. त्यानं पेपर घडी करून ठेवला, "गाडीत पेट्रोल टाकून येतो" म्हणाला आणि बाहेर गेला. परत आला तो बऱ्याच वेळानं. त्यावर त्या घरात पुन्हा कोणी बोललं नाही. पण निशिगंधानं पाचवा भाग वाचायचा नाही, हे त्या दुपारी पक्कं झालं.

तेजस्वीला तिनं एवढंच सांगितलं की पटलं नाही म्हणून सोडलं. तेजस्वीनं चार दिवस अबोला धरला.

सहामाही परीक्षा संपली त्या दिवशी तेजस्वी शाळेतून धावत घरी आली. दप्तर खांद्यावरच होतं. "मम्मी! खोटारडी हायस तू! वाचलीस की! मला सरप्राईज देणार हुतीस व्हय?"

"काय वाचलो?"

तेजस्वीनं फोन पुढं केला. पाचवा भाग आला होता. मुखपृष्ठावर मनोरा, खाली 'आवाज : निशिगंधा इंगवले'. तिनं सुरू केला.

निशिगंधाचा आवाज. शंकाच नाही. 'आणि'च्या आधी ती घेते तो छोटा श्वाससुद्धा होता. आवाज पुढं पुढं जात राहिला, कुठंही न अडखळता, आणि मनोऱ्यात पोचला. "तुझ्या भीतीवर माझा जीव जडलाय, अरुणी." तंबाखूवाल्या चुलत्याच्या आवाजात. मग तेजस्वीच्या आवाजात, तिच्याच लाडिक हेलात, "मला आता कुठलंच दार नको. मला तुम्ही हवेत." लाज होती. ओढही होती. सोनल मॅडमना पाहिजे तेवढी.

"बंद कर," निशिगंधा म्हणाली.

"का? किती भारी म्हटलंयस!"

"मी म्हटलेलं न्हाई ते."

"मग कुणी म्हटलंय? तुझाच तर आवाज हाय."

आपलं वापरलेलं लुगडं दुसऱ्याच कुणीतरी नेसून आपल्याच दारात उभं राहावं, तसं निशिगंधाला वाटत होतं. बनाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आवाज तुझाच हाय गं. पण ह्यात थुंकी न्हाई. माणूस बोललं की तोंडात जीभ हालती, थुंकी गिळतंय. ह्ये कोरडं बोलतंय."

मग निशिगंधानं पुन्हा लावून नीट ऐकलं. मनोऱ्याच्या खिडकीतून चांदणं आत येतं असं वाक्य होतं. त्या आवाजानं 'चांदणं' म्हणताना 'चिंचे'तला च लावला. तिसरी चौथीतलं पोरगंसुद्धा असं म्हणणार नाही. पुढं 'चाबूक' आला, त्यालाही तोच च. तिनं तेजस्वीला तीन तीनदा ऐकवलं. तेजस्वीचा चेहरा उतरत गेला.

पारसला फोन केल्यावर तो सावकाश म्हणाला, "वहिनी, मशीन असणार. चार भागांचा तुमचा आवाज त्यांच्याकडं हाय. त्यावरनं काय पण बोलवून घेता येतंय आता."

सोनल मॅडमनी फोन उचलला. त्यांच्या आवाजात संकोचही नव्हता. "ताई, हे तुम्ही सही केलेल्या करारात आहे. आणि आम्ही तुमचं नाव दिलंय की. श्रेय तुम्हालाच आहे."

"कशाचं श्रेय?" निशिगंधा ओरडली. "जे म्हणायची मला शिसारी आली, ते माझ्या तोंडून म्हणवून घेतलंसा, आणि वर श्रेय? आणि तो आवाज माझा एकटीचा न्हाई. त्यात माझी पोरगी हाय. माझ्या पोरीच्या तोंडून तुम्ही त्या म्हाताऱ्याला हो म्हणवून घेतलंय!"

"मला नाही कळलं, ताई."

"न्हाईच कळायचं."

पुढचे दिवस फार वाईट गेले. वाईट यासाठी की लोक कौतुक करत होते. गल्लीतली पोरगी दारात येऊन "काकू, पाचवा भाग कसला झालाय" म्हणून जायची. गिरणीत दळण द्यायला गेलं की तिथल्या बाई डोळे मिचकावून "राजा लय ग्वाड बोलतोय तुमचा" म्हणायच्या. निशिगंधाला भात उतरेना. आरशापुढं उभी राहून ती स्वतःशी बोलायची आणि मध्येच थांबायची, कारण आपलाच आवाज तिला कुणाच्या तरी खरकट्या भांड्यातल्या पाण्यासारखा वाटायचा.

अशातच मुलींच्या एका शाळेनं तिला बोलावलं. वाचन सप्ताह होता, मुलींना अरुणीचा आवाज प्रत्यक्ष ऐकायचा होता. ती नाही म्हणणार होती. मग म्हणाली, जातो.

हॉल भरलेला होता. बाईंनी ओळख करून दिली, पुष्पगुच्छ दिला. मुलींनी प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच मुलीनं हात वर केला. दोन वेण्या, नववीतली असावी. "मॅडम, ते वाक्य म्हणून दाखवा ना. तुझ्या भीतीवर..." पुढचं तिला म्हणावंच लागलं नाही. हॉलमधल्या निम्म्या मुलींनी एका सुरात पूर्ण केलं. "...माझा जीव जडलाय, अरुणी!" टाळ्या. किंचाळ्या. मागच्या बाकावरच्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

निशिगंधानं माइक हातात घेतला. "ते वाक्य मी कधी म्हटलेलं न्हाई," ती म्हणाली, घरच्याच बोलीत. "यंत्रानं म्हटलंय माझ्या आवाजात. मला म्हणायला सांगितलं तेव्हा मी उठून गेलो, कारण मला ओकारी आली. तुम्ही भ्याल्यावर ज्याला आनंद होतो, तो माणूस तुमच्यावर प्रेम करत न्हाई. त्याला तुम्हाला भ्यालेलं बघायला आवडतं, एवढंच."

तीच दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, "पण मॅडम, तो शेवटी बदलतो ना?"

"किती माणसं जाळल्यावर?" निशिगंधानं विचारलं.

मुलगी खाली बसली. मुख्याध्यापिकाबाईंनी घाईघाईनं आभार मानले. बाहेर पडताना त्या हळूच म्हणाल्या, "अहो, लहान मुली आहेत. ओकारी बिकारी असले शब्द नको होते." पुस्तकातल्या शब्दांबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

पारसनं ओळखीच्या वकिलांकडून कंपनीला नोटीस धाडली. बरेच फोन झाले. शेवटी कंपनीनं तिचं नाव काढलं आणि आवाजाची पट्टी थोडी वर नेली. आता तो आवाज निशिगंधाचा नव्हता, म्हणजे कागदावर नव्हता. ऐकला की वाटायचं, तिला सर्दी झालीय आणि ती नाक दाबून बोलतेय. वकील म्हणाले, याच्यापुढं लढायचं तर पुण्याच्या फेऱ्या आणि वर्षं. अमरसिंह म्हणाला, "लढायचं असंल तर लढूया. मी हाय." हे त्यानं मनापासून म्हटलं होतं, आणि निशिगंधाला तेवढ्यापुरतं बरं वाटलं. पण तिची इच्छा राहिली नव्हती. ज्या डबक्यातनं बाहेर पडायचं त्यात पुन्हा उतरून किती वेळ हात घालायचा?

तेजस्वीनं पाचवा भाग चोरून शेवटपर्यंत ऐकला, हे आईला माहीत होतं. एक दिवस भाकरी खाता खाता तेजस्वी आपणहून म्हणाली, "मम्मी, शेवट घाण हाय. अरुणीला बाळ होतंय आणि ती त्याचं नाव राजाच्या बापाचं ठेवते. तिच्या बापाचं नावसुद्धा कुठं येत न्हाई." मग भाकरी मोडत म्हणाली, "वर्गात सगळ्यांना आवडलंय. मीच येडी ठरलो."

"येडीच ऱ्हा," बनाबाई म्हणाल्या आणि तिच्या ताटात अजून एक भाकरी टाकली.

निशिगंधानं ऑडिओबुकांचं काम सोडलं. आता ती पेठेतल्या नगरवाचनालयात शनिवारी मुलांना समोर बसवून वाचून दाखवते. सुरुवातीला मुलं बरीच यायची, आता कमी येतात. पुढ्यात बसून ऐकायचं म्हणजे मोबाइल बाजूला ठेवावा लागतो. जी येतात त्यांच्यात जादूची पुस्तकं मागणारीही असतात. ती वाचते, पण आधी स्वतः शेवटपर्यंत वाचून मगच.

परवा ती केएमटीच्या बसनं रंकाळ्याकडून येत होती. शेजारी कॉलेजला जाणारी एक मुलगी बसली होती, कानात इअरफोन. आवाज मोठा होता, बाहेर झिरपत होता. निशिगंधाला पहिल्यांदा लय कळली, मग शब्द. नाक दाबल्यासारखा तिचाच आवाज सांगत होता की मनोऱ्यात आता अरुणीला भीती वाटत नाही.

तिनं मुलीच्या हातावर बोट ठेवलं. मुलीनं एका कानातलं काढलं.

"बाळा, त्यो आवाज माझा हाय," निशिगंधा म्हणाली. "शब्द माझे न्हाईत."

मुलीनं तिच्याकडं बघितलं. साधी साडी, हातात भाजीची पिशवी. "बरं काकू," ती म्हणाली, आणि उठून दोन बाकं पुढं जाऊन बसली. बसल्यावर तिनं इअरफोन पुन्हा कानात घातला. निशिगंधाला तिचा चेहरा खिडकीच्या काचेत दिसत होता. डोळे मिटलेले होते, आणि ओठ हलत होते. ती राजाचं वाक्य पाठ म्हणत होती.